कडधान्यांची मुळे आणि त्यांचे अदृश्य भागीदार

हरभरा, तूर, मूग, उडीद, मसूर ही नावे आमच्या सभासद बंधूंच्या खातेवहीत नित्य येतात. माल पेढीवर आला की दाणा टपोरा आहे की किडका, ओलावा किती आणि डाळ किती उतरेल, हे आपण हातात मूठभर दाणे घेताच सांगतो. परंतु हा दाणा ज्या झाडावर पिकतो, त्याच्या मुळाशी भागीदारीचा एक व्यवहार चाललेला असतो, याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. आपल्या पोत्यातील मालाचे सत्त्व त्या व्यवहारातूनच उत्पन्न होते. म्हणून त्याचा अल्प परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

डाळींची ख्याती प्रथिनांसाठी आहे आणि प्रथिने बनण्यास नत्र अवश्य लागते. हवेत सुमारे 78 टक्के नत्रवायूच आहे. परंतु त्याचे दोन अणू परस्परांस इतके घट्ट बांधलेले असतात की, कोणत्याही झाडास तो थेट घेता येत नाही. रासायनिक खतांच्या कारखान्यात हे बंधन सोडविण्यासाठी 400 ते 500 अंश उष्णता आणि वातावरणाच्या सुमारे 200 पट दाब वापरावा लागतो. असा पहिला मोठा कारखाना जर्मनीत ओप्पाऊ येथे 1913 साली सुरू झाला. तेच काम हरभऱ्याच्या मुळावरील बारीकशी गाठ शेतातील साध्या उष्णतेत करीत असते.

ह्या गाठी शेतकऱ्यांनी पूर्वापार पाहिल्या होत्या. त्यांचा अर्थ मात्र जर्मनीतील हेलरीगेल व विल्फार्थ ह्या शास्त्रज्ञांनी 1886 साली प्रथम जगापुढे मांडला. निर्जंतुक केलेल्या वाळूत नत्राचे खत न घालता वाटाणा लावला असता तो खुरटला. त्याच वाळूत शेतातील मातीचे पाणी घालताच तो जोमाने वाढला. ओटसारख्या तृणधान्यास मात्र त्या पाण्याचा असा लाभ झाला नाही. पुढे 1888 साली हॉलंडमधील बायेरिंक ह्यांनी गाठीतील जिवाणू वेगळा काढून वाढविला. ह्या जातीच्या जिवाणूंस ऱ्हायझोबियम असे नाव आहे.

भागीदारीचा आरंभ झाडाकडून होतो. मुळे काही विशिष्ट द्रव्ये मातीत सोडतात. योग्य जिवाणूस त्यांची ओळख पटली की तोही आपले द्रव्य सोडून उत्तर देतो. तेव्हा मुळावरील केसासारखा तंतू वाकतो, जिवाणू सूक्ष्म नळीवाटे आत शिरतात आणि तेथे गाठ तयार होते. झाड आपल्या पानांत तयार झालेल्या साखरेतून जिवाणूंस अन्न देते. जिवाणू हवेतील नत्राचे झाडास घेता येईल असे रूप करून देतात. मात्र हे काम करणारे विकर प्राणवायूने निकामी होते. म्हणून गाठीत रक्तातील तांबड्या द्रव्यासारखे एक द्रव्य असते, जे प्राणवायू जखडून ठेवते व बेताबेताने पुरविते. गाठ चिरली असता आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे असे समजावे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही.

ह्या व्यवहारात उधारी फार चालत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी 2003 साली सोयाबीनच्या काही गाठींभोवतालच्या हवेतील नत्र काढून घेतले. जिवाणू नत्र देईनासे झाले, तेव्हा झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आखडता घेतला व त्यांतील जिवाणूंची वाढ मंदावली. तसेच जमिनीत युरिया भरपूर पडला, तर आयता माल मिळत असल्याने झाड गाठीच थोड्या धरते.

भागीदारही कोणी चालत नाही. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला उपयोगी नाही. तूर, मूग, उडीद व चवळी ह्यांचा गट निराळा. 1970 नंतर माळव्यात सोयाबीन पसरले. पुढे बेळगाव, चिकोडी भागांतही ते रुजले. हे पीक मूळचे चीनकडील असल्याने त्याचा योग्य जिवाणू आपल्याकडील अनेक जमिनींत पुरेसा नव्हता. तो बियाण्यास चोळून द्यावा लागतो.

आता जमाखर्च पाहू. तुरीत सुमारे 22 टक्के प्रथिने धरली, तर एका क्विंटलात सुमारे साडेतीन किलो नत्र भरते. तितके नत्र विकत घ्यावयाचे तर साडेसात किलोंहून अधिक युरिया लागेल. शंभर क्विंटलांचा ट्रक बाजारात आला की शेतातून साडेतीनशे किलो नत्र उचलले गेले. कडधान्य घेतले म्हणजे जमीन आपोआप सुपीक होते, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. दाण्यातील नत्र गोदामात जाते. शेताच्या वाट्यास मुळे, गाठी व गळलेला पाला एवढेच राहते. सोयाबीनसारख्या पिकात पालाही उचलून नेला, तर जमीन तोट्यात जाऊ शकते. हरभरा मुळासकट न उपटता विळ्याने कापला आणि तुरीचा पाला शेतातच कुजू दिला, तर पुढील ज्वारी-गव्हास चांगला बेवड मिळतो.

आपले कित्येक बंधू बियाणे व जिवाणू संवर्धकाची पाकिटेही विकतात. पाकिटात जिवंत माल आहे, हे त्यांनी विसरू नये. ते उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली किंवा रासायनिक खतांच्या पोत्यांजवळ ठेवू नये. पिकाचे नाव व मुदत पाहूनच द्यावे. बियाण्यास बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे. नंतर गुळाच्या थंड पाण्यात कालवून जिवाणू चोळावेत, बी सावलीत सुकवावे व लगेच पेरावे, इतके गिऱ्हाइकास सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. मेलेले पाकीट विकले तर शेतकऱ्याचे पैसे जातात आणि हंगामही जातो. ज्याच्या शेतावर आपला व्यापार उभा आहे, त्याच्या जमिनीचे खाते शिलकीत राहावे, ह्यातच आपलेही हित आहे.