जाताना वायफाय बंद केलं का?

लॅपटॉपचं बटण दाबलं, की लोगो येतो आणि आपण मोबाइलमध्ये डोकं घालतो. पण त्या काही सेकंदांत आत चक्क जागेचा ताबा बदलत असतो. जुना भाडेकरू म्हणजे फर्मवेअर आणि बूटलोडर. नवा म्हणजे विंडोज किंवा लिनक्स.

बूटलोडरचं काम सोपं: ऑपरेटिंग सिस्टीम शोधायची, मेमरीत आणायची आणि सुरू करून द्यायची. त्यासाठी डिस्क, यूएसबी, कधी नेटवर्क कार्डही आधीच चालू करावं लागतं. यातली बरीच उपकरणं 'डीएमए' वापरतात. म्हणजे प्रोसेसरला दर वेळी न विचारता थेट मेमरीत डेटा लिहितात. काम झटपट होतं. पण घोळही इथेच होतो.

समजा, जागा सोडताना तुम्ही पेपरवाल्याला सांगितलंच नाही. तो रोज सकाळी गॅलरीत पेपर फेकत राहणार, मग नव्या भाडेकरूने तिथे पापड का वाळत घातलेले असेनात! चालू राहिलेलं नेटवर्क कार्डही असंच वागतं. आलेलं पॅकेट ते जुन्याच पत्त्यावर टाकतं. तिथे आता नव्या सिस्टीमचा डेटा असतो.

हे खरंच घडलंय. अॅपलच्या 2011 आणि 2012 च्या काही मॅकमध्ये फर्मवेअर दर वेळी ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड सुरू करायचं आणि ताबा दिल्यावरही चालूच ठेवायचं. कार्डाचा ड्रायव्हर लोड होईपर्यंत हवेतून आलेली पॅकेट्स मेमरीत पडत राहायची. लिनक्सवर तो ड्रायव्हर टाकलेलाच नसेल, तर हे थांबायचंच नाही. म्हणजे नुसतं क्रॅशचं दुखणं नाही. जवळपासचा कोणी मुद्दाम बनवलेली पॅकेट्स पाठवून मशीनमध्ये घुसू शकला असता. मॅथ्यू गॅरेट यांनी 2012 मध्ये ही पॅकेट्स नेमकी कुठे पडतात ते शोधलं. 2016 मध्ये लुकास वुनर यांनी लिनक्सच्या कर्नलमध्येच उपाय बसवला: बूट होताना अगदी सुरुवातीला ते कार्ड रीसेट करायचं.

इतक्या लवकर का? कारण क्रम महत्त्वाचा. आधी उपकरण गप्प करायचं, मगच त्याची मेमरी दुसऱ्याला द्यायची. यूईएफआयमध्ये या निरोपासाठी 'एक्झिट बूट सर्व्हिसेस' नावाचा कॉलच आहे. अर्थात सगळंच बंद करायचं नसतं. रॅम बंद केली तर नवी सिस्टीम राहणार कुठे?

इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी एखाद्या बोर्डवर लिनक्स चढवताय? 'स्टार्टिंग कर्नल' दिसतं आणि पुढे कधी चालतं, कधी लटकतं? मग लगेच कर्नलला शिव्या घालू नका. तोच कर्नल नेटवर्कऐवजी एसडी कार्डवरून लोड करा आणि नेटवर्कची केबल काढून ठेवा. दुखणं गायब झालं, तर आधी बूटलोडरचा कोड उघडा. निघताना तो नेटवर्क कार्ड बंद करतोय का, ते बघा.