नाक्यावरचा माणूस आणि मी न केलेला एक फोन

आजच्या भागात गॅजेट-बिजेट काही नाही. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखं लिहून टाकतोय. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे कापलेत.

मी मोहोपाड्याचा. सकाळी कंपनीच्या बससाठी नाक्यावर उभा असतो. मे महिन्यात तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर एक माणूस दिसायला लागला. पन्नाशीचा असेल. एवढ्या उकाड्यात अंगावर तीन शर्ट, एकावर एक. केसांच्या जटा, बाजूला प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं गाठोडं. स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा. एकदा मी दहाची नोट पुढे ठेवली. त्याने पाहिलंच नाही. नोट वाऱ्याने गटाराकडे गेली, तरी तो तसाच.

खरं तर मला तिथेच कळायला हवं होतं. भीक मागणारा माणूस पैसे घेतो. हा मागत नव्हता. हा आजारी होता.

तीन आठवडे मी रोज त्याला बघत होतो. एका सकाळी पायरी रिकामी. वडापाववाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "कोणीतरी रात्री टेम्पोत घालून हायवेला सोडला म्हणे. दुकानापुढे घाण करायचा ना." काका त्याला रोज सकाळी चहा-पाव द्यायचे, फुकट. म्हणजे गावात दयामाया नव्हती असं नाही. पण ऑफिसात कसं, एखादा बग सगळ्यांना दिसत असतो आणि तिकीट मात्र कोणीच टाकलेलं नसतं, तसं झालं. मी धरून.

मग वाचायला बसलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की 'बेघर' हा शब्दच अशा माणसाला नीट बसत नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री फुटपाथवर, पुलाखाली, फलाटांवर झोपणाऱ्यांची वेगळी मोजणी झाली. देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर. त्यात कामासाठी आलेली कुटुंबं आहेत, टाकून दिलेले म्हातारे आहेत आणि हा आपला नाक्यावरचा माणूसही आहे. त्याला बहुतेक घर असतं. बिहारमध्ये, आंध्रात, कुठेतरी. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात कानात आवाज येतात, आपल्याच माणसांची भीती वाटायला लागते, माणूस घराबाहेर पडतो, दिसेल त्या गाडीत चढतो. कर्जत आणि पनवेल ही दोन्ही जंक्शनं आपल्या दोन बाजूंना. तिथे उतरवलं की तो चालत सुटतो.

शहरात बेघरांसाठी रात्र निवारे असतात. एक लाख लोकसंख्येमागे एक, असा निकष आहे. पण ती शहरांची योजना, आणि आपल्याकडे ग्रामपंचायत. आणि नुसतं छप्पर देऊन या माणसाचं काय होणार? त्याला आधी औषध हवं.

ते औषध देणारी जागा आपल्यापासून चौकमार्गे फार लांब नाही. कर्जतजवळ वेणगावला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी, दोघेही मानसोपचारतज्ज्ञ. मुंबईत एका हॉटेलात बसलेले असताना त्यांना रस्त्यापलीकडे एक तरुण करवंटीने गटाराचं पाणी पिताना दिसला. त्याला उचलून त्यांनी आपल्या दवाखान्यात आणलं, उपचार केले. तो निघाला आंध्रचा पदवीधर, वडील तिकडे जिल्हा परिषदेत अधिकारी! त्यातून १९८८ मध्ये संस्था उभी राहिली, २००६ मध्ये कर्जतचं केंद्र झालं आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सोनम वांगचुक यांनाही त्याच वर्षी मिळाला होता. ते नाव आपल्याला पाठ, आणि वेणगावचं हे माहीत नाही. मलाही नव्हतं.

तिथलं काम कसं चालतं ते ऐका, कारण मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. आधी अंघोळ, जेवण, जखमांवर मलमपट्टी. मग मानसिक आजाराची औषधं. काही आठवड्यांत आवाज कमी होतात आणि आठवणी सुटत जातात. पत्ता एकदम येत नाही. आधी एखादं देऊळ आठवतं, आठवडी बाजार आठवतो, भावाचं नाव येतं. त्याची भाषा जाणणारा कार्यकर्ता धागा धरून विचारत जातो, तिकडच्या पोलीस ठाण्याला फोन लावतो. घर सापडलं की संस्थेचा माणूस त्याला रेल्वेने थेट दारापर्यंत पोचवतो. सोबत औषधं देतो, आणि घरच्यांना सांगतो की ही भूतबाधा नाही, आजार आहे, गोळ्या थांबवू नका. अशी हजारो माणसं घरी गेलीत. पनवेल तालुक्यातला सील आश्रमही रस्त्यावरच्या निराधारांना उचलून असंच काम करतो.

मग मधे अडतं कुठे? नाक्यापासून वेणगावपर्यंत.

आणि यासाठी कायदा आहे, अगदी स्पष्ट. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. त्याचं कलम १०० म्हणतं, हद्दीत भटकणारी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटलं, तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणेप्रमुखाचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. ती बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि तिचं कुटुंब शोधायचं. कलम १८ प्रमाणे सरकारी ठिकाणी उपचार फुकट, रेशनकार्ड असो-नसो. पुढे गरज पडली तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच.

इर्शाळवाडी आठवते ना? १९ जुलै २०२३ ची रात्र. आपल्याच खालापूर तालुक्यात दरड आली, सगळी यंत्रणा धावली, वाचलेल्यांसाठी चौकजवळ कंटेनरची वस्ती उभी राहिली, नंतर घरं बांधली गेली. तिथे घराघरातल्या माणसांची नावांनिशी यादी होती. नाक्यावरच्या माणसाचं नाव कुठल्याच यादीत नाही. गंमत बघा, बॅगेत माझा पॉडकास्टचा माइक असायचा आणि तो रोज तेच तेच दोन-तीन शब्द पुटपुटत होता. कुठली भाषा होती, मी जवळ जाऊन ऐकलंसुद्धा नाही.

तर तुम्हाला असं कोणी दिसलं तर ११२ लावा, नाहीतर थेट आपलं पोलीस ठाणं. "वेडा माणूस बसलाय" असं सांगू नका, ते टाळलं जातं. जागा नीट सांगा, "मानसिक आजारी वाटतात, स्वतःची काळजी घेऊ शकत नाहीत, कलम १०० प्रमाणे मदत हवी" असं म्हणा, आणि फोन घेणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. बाई असेल तर महिला पोलीस मागा. नोंद झाली की मग संस्थेला फोन करा, कारण ही नोंद हातात असली की पुढचं सोपं जातं. एकटे हात धरून ओढायला जाऊ नका. पाणी द्या, नाव-गाव विचारा, काही बोलले तर तेवढं रेकॉर्ड करा. त्यावरून भाषा कळते. ते रेकॉर्डिंग आणि एखादा फोटो पोलिसांना आणि संस्थेला द्या. रील नको, गावच्या ग्रुपवर नको. बरा झाल्यावर त्याला ते बघायला लागू नये.

सगळं एका फोनात होईल असं नाही. दोनदा, तीनदा लावावा लागेल.

वडापाववाल्या काकांच्या फोनमध्ये मी ठाण्याचा नंबर सेव्ह करून दिलाय. कुठल्या नावाने टाकू, विचारलं, तर ते म्हणाले, "पायरीवाला लिही, म्हणजे मला लगेच कळेल."