रेडियाटा पाइनचे मूळ वतन

न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलिया या मुलखांत लाकडासाठी लक्षावधी हेक्टरांवर लावलेल्या रेडियाटा पाइनचे मूळ वतन म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील तीन जागा आणि मेक्सिकोच्या हद्दीतील ग्वादालुपे व सेद्रोस ही दोन बेटे, एवढेच. किनाऱ्यावरील झाडाच्या पानझुबक्यात तीन सुया, तर बेटांवर बहुधा दोनच. भेद इतका उघड. जलद वाढ व सरळ खोड पाहून निवडलेल्या मोजक्या वृक्षांच्या संततीवरच लागवड विसंबून असल्याने, उद्या नवा रोग उद्भवल्यास प्रतिकाराचे गुण धुंडाळण्यास या मूळ रानांकडेच यावे लागणार. ग्वादालुपेवर मात्र एकोणिसाव्या शतकात सोडलेल्या शेळ्यांनी रोपटे दिसले की फस्त करण्याचा सपाटा चालविल्यामुळे अखेर दोनेकशे वयोवृद्ध झाडे, जणू बेवारस, उरली. १९७८ साली तेथील बीजसंग्रह झाला, ही दूरदृष्टीच. पण खरा बंदोबस्त शेळ्यांचाच हवा होता, आणि कुंपणे घालताच आत रोपे आपोआप उगवू लागली.