काम थांबले : तीन शब्द, तीन अर्थ

कारखान्याच्या दारावर इंग्रजी नोटीस लागली की 'काम गेले' एवढेच सर्वांना कळते. परंतु 'ले-ऑफ', 'रिट्रेंचमेंट' आणि 'लॉक-आउट' हे शब्द एकच नव्हेत. त्यांतील फरकावर कामगाराची चूल अवलंबून असते.

कोळसा, वीज वा कच्चा माल नाही, यंत्र मोडले, तयार माल साचला, म्हणून मालक तेवढ्यापुरते काम देऊ शकत नाही, तो ले-ऑफ. येथे माणसाचे नाव मस्टरवर राहते. रिट्रेंचमेंट म्हणजे कपात. शिक्षा म्हणून नव्हे, तर बहुधा माणूस जादा ठरवून त्याची नोकरीच संपवतात. लॉक-आउटमध्ये मालक आपण होऊन दार लावतो. संप जसे कामगाराचे हत्यार, तसे हे मालकाचे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पहिल्या दोन शब्दांच्या व्याख्या १९५३ साली आल्या. वर्षभर सलग नोकरी झालेल्यास ले-ऑफमध्ये मूळ पगार व महागाईभत्ता यांच्या ५० टक्के भरपाई ठरली. ५० हून कमी कामगारांचे कारखाने मात्र वगळले. कपातीत प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि सामान्यतः शेवटी आलेला प्रथम जाणार. लॉक-आउटला असा ठरीव आकडा नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे भेद राखले.

म्हणून आम्ही सभांतून सांगत आलो : सही करण्यापूर्वी शब्द विचारून घ्या. वर 'ले-ऑफ' आणि खाली 'सेवा समाप्त' असेल, तर तो ले-ऑफ नव्हे.