इंग्लंडचा हिवाळा आणि बागेचे पथ्य

इंग्लंडमधला हिवाळा थंडीपेक्षा अंधाराने अधिक छळतो. डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारचे चार वाजतात न वाजतात तोच दिवे लावावे लागतात. मधल्या वेळेतही सूर्य बहुधा ढगांआडच असतो. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून मी केंट परगण्यात राहावयास आले, तेव्हा स्वेटर, शाली, सुंठ असे सारे बरोबर आणले होते. अंधारासाठी मात्र काही तयारी करावी लागते, हे कोणी सांगितले नव्हते.

पहिल्याच हिवाळ्यात सकाळी अंथरूण सोडवेना. झोप वाढली, गोड खाण्याची इच्छा वाढली आणि कारण नसताना डोळे भरून येऊ लागले. घरच्यांना वाटले, गावची आठवण येत असेल. डॉक्टरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, की हे ऋतूनुसार येणारे नैराश्य आहे. डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या विकाराचे शास्त्रीय वर्णन केले. शरदात तो डोके वर काढतो व वसंतात ओसरतो.

डॉक्टरांनी रोज दिवसाउजेडी घराबाहेर पडण्यास सांगितले. शिवाय हाडे व स्नायूंसाठी ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी दिली. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या उन्हातून शरीराला हे जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. म्हणून या काळात रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार सर्वांनीच करावा, आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांनी तर वर्षभर करावा, असा तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. गोळी घेणे सोपे होते. पण बाहेर पडून पाहायचे काय, हा प्रश्न होता.

बागेतून रुग्णसेवा

त्याचे उत्तर शेजारच्या आजीबाईंनी दिले. फेब्रुवारीत त्या मला एका खासगी बागेत घेऊन गेल्या. इंग्लंडमध्ये १९२७ साली एक सुंदर प्रथा सुरू झाली. घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी जमवायचा म्हणून लोकांनी आपल्या बागा माणशी एक शिलिंग घेऊन पाहण्यास खुल्या केल्या. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजारांहून अधिक पौंड जमले. ‘नॅशनल गार्डन स्कीम’ या नावाने हा उपक्रम आजही चालू आहे.

त्या बागेत झाडे निष्पर्ण होती, पण त्यांच्या पायथ्याशी स्नोड्रॉपची पांढरी फुले माना खाली घालून हजारोंनी उभी होती. इतक्या थंडीत फुले! तिथले जाणते बागवान हिवाळाही रिकामा सोडत नाहीत, हे मला तेव्हा उमगले.

पुढे मी केंटमधलीच सिसिंगहर्स्टची प्रसिद्ध बाग पाहिली. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट व त्यांचे पती हॅरल्ड निकोल्सन यांनी १९३० साली ही पडकी जागा विकत घेऊन तिथे बाग उभी केली. भिंती आणि उंच कुंपणे यांनी बागेची दालने पाडली आहेत. वसंतात एका वाटेवर कंदफुले फुलतात, जूनमध्ये गुलाबांचे दालन बहरते आणि मग पांढऱ्या फुलांच्या दालनाची पाळी येते. एकाचा बहर ओसरतो तोवर दुसरे सजू लागते. पाहणाऱ्याला ‘पुढच्या महिन्यात पुन्हा यावे’ असे वाटत राहते. खचलेल्या मनाला नेमके हेच हवे असते.

कुंडीतला कंद

मी आयुष्यभर शाळेत शिकवले. बागकाम म्हणजे तुळशीला पाणी, इतकीच माझी मजल. तरी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये डॅफोडिलचे वीस कंद आणून कुंड्यांत लावले. कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावायचा, टोक वर ठेवायचे, इतकेच शास्त्र. मग रोज दुपारच्या आत कोट चढवून कुंड्या पाहण्याचा नेम सुरू झाला. जानेवारीत हिरवी टोके दिसली, मार्चमध्ये पिवळी फुले आली. उदासी पार गेली असे मी म्हणणार नाही. पण त्या हिवाळ्यात मी एकही दिवस अंथरुणात काढला नाही.

ही काळजी घ्या

परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांनी आणि घरी बाग करणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मातीत हात घालण्यापूर्वी हातमोजे घालावेत व धनुर्वाताची लस घेतली आहे ना, याची खात्री करावी. खतमातीची पिशवी तोंडाजवळ धरून उघडू नये. तिच्या धुळीतून क्वचित फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. डॅफोडिलचा कंद कांद्यासारखा दिसतो, पण तो विषारी असतो. स्वयंपाकघरात ठेवू नये. इंग्लंडच्या बागांत दिसणारे फॉक्सग्लव्हचे झाडही विषारी आहे. बर्मिंगहॅमचे डॉ. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली त्याचे औषधी गुण जगापुढे मांडले आणि त्याच्याच जातभाईपासून आजचे डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध मिळते. पण म्हणून त्याचे पान कोणी तोंडात घालू नये! गुडघे दुखत असल्यास उंच कुंड्या व स्टूल वापरावे.

आपल्याकडे डॅफोडिलचा हट्ट धरण्याचे कारण नाही. घ्यायची ती त्यांची रीत. एका कागदावर बारा महिने लिहावेत आणि प्रत्येकापुढे एक फूल. उन्हाळ्यात मोगरा, श्रावणात तेरडा, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती. एखादा महिना रिकामा राहिला तर शेजाऱ्यांना विचारावे. निदान एक फांदी तरी मिळतेच. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, भूक-झोप बिघडली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर कुंडीवर भिस्त न ठेवता आधी डॉक्टरांकडे जावे. बाग हे पथ्य आहे. औषधाला त्याची जोड द्यावी, औषध सोडू नये.