उपकारांची फेड

आमच्या नायगावकडे, सगळ्या नांदेड-लातूर पट्ट्यातच म्हणा, ‘उपकार’ हा शब्द माणसं जरा जपून वापरतात. अडीनडीला सावकारानं दिलेली पायलीभर ज्वारी उपकारच, आणि तो फेडता फेडता पिढी सरते. बँकेत मी पीककर्जाच्या टेबलावर होतो. हक्काचं कर्ज हाती पडल्यावरही ‘लई उपकार झाले साहेब’ म्हणून शेतकरी हात जोडायचा, तेव्हा अवघडून जायला व्हायचं.

मराठी ख्रिस्ती मंडळींचा ‘उपकारस्तुती’ हा शब्द म्हणूनच मला विचारात पाडतो. तिथं देणारा एकच, परमेश्वर. मग सावकारापुढे किंवा साहेबापुढे वाकायचं कारण काय? थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलानं आभार मानायला सांगितले, ते प्रत्येक परिस्थितीत. प्रत्येक परिस्थितीबद्दल नव्हे. दुष्काळाबद्दल आभार माना, असं तो म्हणत नाही.

पीक आलं की आभार मानणं सोपं. आपण वेळ अमावास्येला शेतात जाऊन आंबील-भज्जी खातो, तसा चर्चमध्ये कापणीचा सण असतो. धान्य, भोपळे, अंडी, कोंबड्या वेदीसमोर येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. साधा भोपळा भलत्याच किमतीला जातो आणि घेणारा हसत घरी नेतो. जप्तीचे लिलाव पाहिलेल्या माझ्यासारख्याला याचं फार अप्रूप!

पण घरात दाणा नसेल तेव्हा? पंडिता रमाबाईंची आठवण येते ती इथं. १८७० च्या दशकात, दक्षिणेतल्या उपासमारीच्या दिवसांत, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई वाचल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. भूक काय असते, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. उपकार देवाचे, फेड मात्र त्या मुलींच्या खात्यात जमा!

या फेडीवर टीकाही झाली. अन्नाच्या बदल्यात धर्म मागितला का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला, आजही विचारला जातो. तो विचारायलाच हवा. धर्म ही किंमत ठरली, तर तोही सावकाराचाच उपकार. मला स्वतःला महत्त्वाचं वाटतं ते हे, की रमाबाईंनी मुलींना नुसतं पोसलं नाही. शेती, विणकाम, छपाई शिकवली. कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून.

१९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंचं बायबलच्या भाषांतराचं काम तरीही थांबलं नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, पण साध्यासुध्या बाईला कळेल अशा मराठीत ते त्यांना करायचं होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर त्या त्याच कामात होत्या. ते बायबल छापलं गेलं केडगावच्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांच्या हातांनी.