तीन चित्रे, एक गाठ

सोनपेठच्या कुणा गृहस्थाच्या रक्तात प्रोस्टेटच्या आजाराची शंका दाखवणारा पीएसए वाढलेला निघाला की पुढच्या तपासणीसाठी परभणी, अंबाजोगाई किंवा नांदेड गाठावे लागते. तिथे प्रोस्टेट ग्रंथीचा ‘एक’ एमआरआय निघतो, पण त्यात चित्रे तीन जातींची असतात. टी-२ ग्रंथीची रचना दाखवते. डिफ्युजन पेशींच्या दाटीत पाणी कुठे अडखळते ते सांगते. तिसऱ्यात शिरेतून गॅडोलिनियम देऊन रक्तपुरवठा पाहतात.

अडचण अशी, की तपासणी चालू असताना मूत्राशय भरत जाते, आतड्यातला वायू सरकतो आणि ग्रंथी जागची हलते. शिवाय त्या वायूमुळे डिफ्युजनचे चित्र ताणले जाते. गाठ अवघी पाच-सहा मिलिमीटरची असेल, तर दोन चित्रांतले दोन-तीन मिलिमीटरचे अंतरही निदान चुकवू शकते.

बरे, एकावर एक ठेवून जुळवावे, तर एकात काळी दिसणारी गाठ दुसऱ्यात पांढरी! यावर १९९५ च्या सुमारास एमआयटीतले व्हायोला-वेल्स आणि बेल्जियमच्या ल्यूवेनमधले कोलिन्यों-माएस यांनी स्वतंत्रपणे एकच तोड काढली. रंग सारखे आहेत का, हे पाहायचेच नाही. एका चित्रावरून दुसऱ्याचा अंदाज जास्तीत जास्त कधी बांधता येतो, तेवढे शोधायचे.

प्रोस्टेटच्या बाबतीत या विचाराला पुढे नेणाऱ्यांत मुंबई विद्यापीठातून १९९८ साली बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेले संशोधक अनंत मदभूषी आहेत. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात त्यांच्या गटाने शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथीचे काप थेट एमआरआयशी जुळवले; २०११ मध्ये ती पद्धत ‘मेडिकल फिजिक्स’मध्ये आली. या साऱ्या प्रवासातले सर्वांत मोलाचे काम हेच. काढलेली ग्रंथी आकसते, कापताना वाकडी होते, तरीही कॅन्सर नेमका कुठे होता याचा खरा पुरावा तीच देते.

मग एमआरआयवरून निदान करण्याला वेग आला. २०१२ मध्ये एमआरआयमधल्या संशयित गाठींना गुण देणारी पाय-रॅड्स ही पद्धत आली. २०१८ च्या ‘प्रिसिजन’ चाचणीत ५०० पुरुष होते. एमआरआयच्या आधारे केलेल्या तपासणीत ३८ टक्क्यांमध्ये, तर नेहमीच्या बायोप्सीत २६ टक्क्यांमध्ये गंभीर कॅन्सर सापडला. बायोप्सीची सुई गाठीवर नेण्यासाठी अनेक ठिकाणी एमआरआय सोनोग्राफीच्या चित्राशीही जुळवावा लागतो.

२०२४ मध्ये ‘पाय-काय’ अभ्यासात दहा हजारांहून अधिक तपासण्या वापरून संगणकाला कॅन्सर ओळखायला शिकवले आणि पारखले गेले आणि तो ६२ रेडिओलॉजिस्टांच्या सरासरीपेक्षा सरस ठरला. त्याला टी-२ आणि डिफ्युजन एवढीच चित्रे पुरली. गॅडोलिनियम लागले नाही. ज्याला तपासणीचा खर्च खिशातून करावा लागतो, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट. मात्र त्या तपासण्या नेदरलँड्स आणि नॉर्वेतल्या केंद्रांमधल्या होत्या. मराठवाड्यातल्या यंत्रांवर ही पारख अजून व्हायला हवी.